भरल्या हौदावर तहानलेल्या गाई

"सर, तुमचा हौद गाईंले पसंत नाही," सुनंदाबाई म्हणाल्या. "शुक्रवारी परसवाड्याचा व्यापारी येऊन राह्यला. आठही गाई त्याले देऊन टाकायच्या, बस."

तो मंगळवार होता. हट्टा गावाजवळच्या त्यांच्या गोठ्याची पाण्याची योजना मीच आखली होती. तेव्हा मी पशुपालन खात्यात फील्डवर होतो, आता रिटायर आहे. गणित सोपं असतं. दुभती गाय उन्हाळ्यात दिवसाला सत्तर लिटर पाणी सहज पिते. आठ गाई, वर धुणंबिणं, आणि लाइट गेली तर थोडा साठा. म्हणून हजार लिटरची टाकी, तिथून लोखंडी पाइप, सिमेंटचा हौद आणि फ्लोट. फ्लोट म्हणजे पाणी उतरलं की आपोआप नळ उघडणारा गोळा. कागदावर एकदम फर्स्ट क्लास.

आणि गाई पाणी पिईनात. दूध निम्म्यावर आलं.

"पानी का टेस्ट कराओ," आमच्या खात्यातले साहेब फोनवर म्हणाले होते. केली. रिपोर्ट नॉर्मल. हौद दोनदा घासून घेतला. फरक शून्य. तेच पाणी बादलीत दिलं की गाय गटागटा संपवायची.

"शेजारीण म्हणते नजर लागली," सुनंदाबाई म्हणाल्या. "आमी बौद्ध मानसं, हे मानत नाही. पण मंग झालं काय, तुमीच सांगा."

काय सांगणार, कप्पाळ! मला खरं तर गाईंचाच राग आला होता.

बुधवारी सकाळी आठला गेलो. गाई पीत होत्या, पण भीतभीत. दुपारी बाराला पुन्हा गेलो, तर एकही जवळ येईना. कपिला नावाची मोठी गाय तोंड पाण्याला लावायची आणि मान मागे झटकायची. सकाळ-दुपारमध्ये बदललं काय? ऊन वाढलं होतं. आणि गोठ्यातला पंखा सुरू झाला होता, तोही रडतखडत.

माझ्या गमबुटात शेणपाणी शिरलं होतं. एक बूट काढला, अनवाणी पाय ओल्या फरशीवर टेकला आणि तोल सावरायला पाइप धरला. सणकन झटका बसला. मी मागेच फेकलो गेलो.

"प्रल्हादभाऊ, मेन बंद करा! आधी मेन!"

प्रल्हादभाऊ म्हणजे सुनंदाबाईंचे यजमान. धावत जाऊन त्यांनी मेन पाडला.

"पंख्याचं कनेक्शन कोणी केलं?"

"मीच केलं. न्यूट्रल तुटला होता ना. मंग एक वायर पाइपाले बांधला. अर्थिंगवर चालते पंखा. सगळा गाव असाच चालवते."

खरंच चालवतो. पंख्याला दोन तारा लागतात. एकीतून करंट येतो, दुसरीतून परत जातो. परत जाणारी तार तुटली की आपले लोक ती जमिनीत जाणाऱ्या कुठल्याही लोखंडाला बांधतात. इथे ते लोखंड माझा पाइप होता. पंखा लागला की हौदाच्या पाण्यात करंट. माणसांच्या पायात रबर असतं, म्हणून कोणाला कळलं नाही, असं मी धरून चाललो. गाईचे चारही पाय ओल्यात आणि तोंड पाण्यात.

त्याच दिवशी वायरमन बोलावून न्यूट्रल जोडून घेतला आणि करंट गळला तर लाइन पाडणारा स्विच बसवला. गुरुवारी दिवसभर गाई हौदाकडे नुसत्या बघत राहिल्या. शुक्रवारी सकाळी कपिलानं तोंड घातलं ते पोट भरेपर्यंत काढलंच नाही. पंखा जोरात फिरत होता. तिच्यामागे बाकीच्या आल्या. सुनंदाबाईंनी पदरानं डोळे पुसले. व्यापाऱ्याला चहा पाजून परत पाठवलं.

निघताना त्या सहज म्हणाल्या, "दुपारी हौद धुताना माह्या पायाले झिणझिण्या येत. मले वाटलं, वात आला."

मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. बाई रोज अनवाणी हौद धूत होत्या.

"अहो, मग सांगितलं काहून नाही?"

"तुमी तर पाण्याचंच विचारत होते, सर. माह्या पायाचं कोणी विचारलं?"

त्यानंतर रिटायर होईपर्यंत माझ्या बॅगेत करंट तपासायचा टेस्टर असायचा. आणि कुठल्याही गोठ्यावर माझा पहिला प्रश्न एकच, हौद कोण धुतं?