चष्म्याच्या दुकानातला गोंधळ

आमच्या दुकानात चष्मे विकले जातात आणि किस्से उरतात. चष्मा गिऱ्हाईक घेऊन जातं, किस्सा काउंटरवरच सोडून जातं! सोलापुरात या दुकानात लागून मला बारा वर्षं झाली. डोळे तपासतात ते मालक मल्लिनाथअण्णा, आत मशीनवर काचा घासतात ते यासीनभाई, आणि काउंटरवर मी. डोळ्यांचं मला थोडंफार कळायला लागलंय. माणसांचं म्हणाल तर अजून गोंधळच आहे.

*

केम गावाहून दोघं भाऊ आले होते, दोघंही साठीच्या पुढचे. अण्णांनी आधी थोरल्याला बसवलं. त्यानं तक्त्यावरची अक्षरं अडखळत वाचली. धाकटा मागं उभा राहून ऐकत होता.

मग धाकट्याची पाळी. अण्णांनी मुद्दाम तक्ता उलटा केला. मागच्या बाजूला वेगळी अक्षरं आहेत. धाकट्यानं छाती पुढं काढली आणि थोरल्याचीच अक्षरं धडाधड म्हणून दाखवली!

अण्णा म्हणाले, "ओ मामा, तक्ता बदललाय की!"

धाकटा उखडलाच. "मग थोरल्यानं वाचलंय ते खोटं आसंल व्हय?"

थोरला शेजारी मान डोलवत होता. नंबर कसा काढला ते अण्णांनाच माहीत.

*

मी मूळची नातेपुत्याची, त्यामुळं कानडीचा आणि माझा काही संबंध नव्हता. नवीन लागले तेव्हाची गोष्ट. अक्कलकोटकडच्या एक आजी फ्रेम बघायला आल्या. मी पहिली फ्रेम लावली. आजींनी आरशात बघितलं आणि म्हणाल्या, "चलो!"

एवढ्यात निघाल्या? मी उठून दार उघडून धरलं. आजी जागच्या हलेनात. दुसरी फ्रेम लावली. "चलो!" मी परत दार उघडलं. तिसऱ्या वेळेला आजीच माझ्याकडं काळजीनं बघायला लागल्या.

शेवटी यासीनभाई आतून पोट धरून हसत आले. "अगं ताई, कानडीत चलो म्हणजे चांगलं! त्यांना सगळ्याच फ्रेमा आवडल्यात!"

आता आजी घाबरल्या होत्या. जाताना दार त्यांनी स्वतः उघडलं.

*

विणकरांच्या वस्तीतल्या एक तेलुगू आजी आहेत. हातशिलाई करतात. अण्णांना वाटलं, सुईत दोरा ओवायला चष्मा पाहिजे असेल. त्यांनी सुई-दोरा पुढं केला. आजींनी एका झटक्यात ओवला!

"मग चष्मा कशाला हो?"

"लांबचं दिसत नाय. समोरच्या गॅलरीत त्या दोघी रोज बोलतात. आवाज येत नाय, तोंड पण दिसत नाय. माझंच बोलतात का, कसं कळणार?"

अण्णा हसले. "आणि तुमचंच बोलत असल्या तर?"

"मग बरंच की!" आजींचा चेहरा फुलला. "या वयात कोण बोलतंय माझं?"

मी बिल फाडायचं विसरून त्यांच्याकडं बघत राहिले.

*

दुसरीतली एक मुलगी होती, पहिलाच चष्मा. आई आल्यापासून डोळे पुसत होती. "एवढ्याशा जिवाला चष्मा!" मी पाण्याचा ग्लास दिला, टिश्यू दिले, काही उपयोग नाही.

मी मुलीच्या नाकावर चष्मा ठेवला. तिनं आईकडं बघितलं, मग आईच्या पदराला हात लावला. "आई, तुझ्या साडीवर हत्ती आहेत?"

"आहेत की. तुला काय वाटायचं?"

"मला वाटायचं, डाग आहेत."

आई रडता रडता हसायला लागली. हसता हसता परत रडायला लागली. ग्लास पुढं करावा की नको, मला कळेना. तिनं काउंटरवर पदर पसरला आणि दोघी हत्ती मोजत बसल्या. बाकीची गिऱ्हाइकंही वाकून बघायला लागली!

यासीनभाईंना राहवलं नाही. बाहेर येऊन म्हणाले, "बेटा, मेरे शर्ट पे क्या है, देख के बोल."

मुलीनं चष्मा नीट केला, निरखून बघितलं.

"डाग."

*

आणि हा किस्सा गेल्या हिवाळ्यातला. सांगोल्याकडचे एक बाबा, शेळ्या-मेंढ्या राखणारे. चष्मा घेऊन गेले आणि आठ दिवसांत बायकोसकट परत हजर! चष्मा काढून अण्णांपुढं ठेवला.

"का हो बाबा, दिसत नाही का?"

"दिसतंय. लई दिसतंय. जरा कमी करा."

अण्णा आणि मी एकमेकांकडं बघायला लागलो. नंबर वाढवून मागणारे बघितले होते, दिसणं कमी करून मागणारा पहिलाच!

बाबा काही बोलायच्या आत आजींनीच तोंड उघडलं. "ह्यो चष्मा लागल्यापासनं मला काय कामच करू देईनात. घागर उचलली की पळत येत्यात. शेरडांमागं जाऊ देत न्हाईत. दिसभर नुसतं तोंडाकडं बघत बसत्यात!"

बाबा खाली बघून म्हणाले, "हिचं तोंड लई वर्सांनी नीट बघितलं. कवा एवढी थकली, कळलंच न्हाय."

आत यासीनभाईंनी मशीन बंद केलं. अण्णा आजींकडं वळले. "आजी, तुमचे डोळे कधी तपासलेत का?"

"न्हाय बा."

अण्णांनी त्यांना खुर्चीत बसवलं, तपासणीची जड फ्रेम डोळ्यांवर चढवली आणि त्यात एकेक काच घालत गेले. "आता समोर बघा."

समोर बाबाच उभे होते. त्यांनी पटकन पटका सारखा केला, फोटोला उभं राहावं तसे ताठ झाले.

आजी त्यांच्या ओढलेल्या चेहऱ्याकडं बघत राहिल्या. बराच वेळ. मग स्वतःच्या हातानं फ्रेम काढली आणि हळूच काउंटरवर ठेवली.

"ह्यांचा ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "मला नगं."