आवाज ठेवायची जागा

त्या उन्हाळ्यात माझी पूजा नुसती उरकली जात होती. माळ हातात असायची, गुरुवारचा उपासही चालू होता, पण मन कोरडं पडलं होतं. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही मोठं दुःखही नव्हतं. एवढंच, की या सगळ्याचा उपयोग काय, हा प्रश्न एकदा मनात आला आणि मग तो तिथंच राहिला.

परभणीत स्टेशनजवळ दोन खोल्यांत मी ऐकू न येणाऱ्या आणि उशिरा बोलणाऱ्या मुलांना बोलायला शिकवते. आजूबाजूच्या गावांतून आईबाप मुलांना घेऊन येतात. प्रत्येक मुलाचा आवाज मी पहिल्या दिवशी, आणि मग दर महिन्याला, रेकॉर्ड करून ठेवते. पोर पुढं चाललंय हे आईबापांना सांगून पटत नाही, जुनं आणि नवं ऐकवलं की पटतं. अकरा वर्षांचे असे आवाज माझ्या एका हार्ड डिस्कमध्ये होते. एप्रिलमध्ये ती टकटक वाजायला लागली आणि तिसऱ्या दिवशी बंदच पडली. पुण्याला पाठवून बराचसा भाग परत मिळाला, पण फाइलींची नावं आणि तारखा गेल्या. हजारो फाइली, प्रत्येकीवर नुसता आकडा. कोणती कुणाची, काय गेलं, काय राहिलं, काही कळायला मार्ग नव्हता.

त्याच आठवड्यात बोरीहून दुर्गाची आई आली. दुर्गा जन्मतः बहिरी. तिचे वडील तिला दर आठवड्याला एसटीनं माझ्याकडे आणायचे. कानाला मशीन लावूनही तिला फारसं ऐकू येत नव्हतं, म्हणून कानाच्या आत यंत्र बसवायचं ऑपरेशन ठरलं. ऑपरेशनच्या पंधरा दिवस आधी शेतात वीज पडून वडील गेले. ऑपरेशन झालं, यंत्र सुरू झालं, पोरगी ऐकायला लागली, हळूहळू बोलायला लागली. आता ती तिसरीत होती.

"मॅडम," तिची आई म्हणाली, "पप्पाचा आवाज कसा होता म्हनून इचारायली. चार दिवस झाले, एकच धरून बसलीय. त्यांच्याकडं साधा फोन होता, त्यात काहीच न्हाई. तुमी तवा टेप करायच्या ना? ते तिच्याजवळच बसायचे. त्यांचा आवाज आला असंल की त्यात."

मी "बघते" म्हणाले. डिस्क बिघडल्याचं सांगायचा धीर झाला नाही. ती खूप आशेनं माझ्याकडे बघत होती.

त्यानंतर मी जे केलं ते कबूल करायला आजही जड जातं. त्या फाइली उघडून शोधायच्या सोडून मी नवं यंत्र शोधायला लागले. नेटवर्क स्टोरेज नावाचा एक डबा मिळतो, त्यात एकाऐवजी दोन किंवा चार डिस्का बसतात, आणि तो वायफायच्या खोक्याला जोडला की घरातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवरून त्यातलं उघडता येतं, हे मला नव्यानंच कळलं आणि माझं कुतूहल चाळवलं. दोन डिस्का एकाच वेळी तेच ते लिहून घेतात. एक बंद पडली तरी दुसरीत सगळं असतं. मला याचं फार नवल वाटलं. मग प्रश्नांमागून प्रश्न. डिस्का ठेवायच्या दोन घरांचा घ्यावा की चारांचा? आपल्याकडची लाइट जाते-येते, त्याचं काय? मे महिन्यात खोली तापते ते त्याला सोसेल का? चुकून एखादी फाइल पुसली तर ती दोन्हीकडून पुसली जाईल का? (जाते.) इंटरनेटवरच का ठेवू नये? पण लेकरांचे आवाज कुठल्या कुठं पाठवायला मन घेत नव्हतं. मी वहीत रकाने आखले, दुकानं पालथी घातली. आमचे हे म्हणाले, "लग्नाच्या वेळी तू माझीसुद्धा इतकी चौकशी केली नव्हतीस." मी हसले. पण महिना उलटला, आणि दुर्गाच्या आईचा दोनदा फोन येऊन गेला. दोन्ही वेळा मी "बघतेय" म्हणाले.

जूनमधल्या एका गुरुवारी पाथरीला दर्शनाला गेले. कोणता डबा घ्यावा हे देवालाच विचारावं, असं खरोखर मनात होतं. गाभाऱ्यासमोर उभी राहिले, पण विचारताना स्वतःचीच लाज वाटली. काहीच न मागता बाहेर आले. परतीच्या बसला वेळ होता, म्हणून स्टँडजवळच्या हॉटेलात चहा घेत वही काढून बसले. समोर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, डोक्यावर पांढरी टोपी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. माझे रकाने बघून त्यांनी विचारलं, "काय हिशेब चाललाय, बाई?"

हिशेब नाही, आवाज ठेवायचं यंत्र घ्यायचंय, असं मी सांगितलं. ते खुलले. पूर्वी पाथरीत त्यांचं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं. भजनं, कव्वाल्या, लग्नातली गाणी, सगळं ते भरून द्यायचे. मी त्यांना दोन घरं, चार घरं, सगळं समजावलं. त्यांनी ते मन लावून ऐकलं, मध्ये चांगले प्रश्नही विचारले.

"एकच डबा? आन् त्यो डबाच चोरीला गेला तं?"

मी म्हणाले, "मग दुसरीकडे एक प्रत ठेवावी लागेल, चाचा."

"बराबर. आता जे हाय तुमच्यापाशी, ते ऐकलं का?"

"नाही."

"का बरं?"

हजारो आहेत, असं काहीतरी पुटपुटले. ते म्हणाले, "मशीन कोन्तं बी घ्या, बेटा. ठिवलेलं परत मिळतंय का न्हाई, ते ऐकल्याबिगर कसं कळंल? म्या रोज सकाळी एक कॅसेट लावायचो. कोन्ती बी. बुरशी लागली का, पट्टी चिकटली का, तवाच कळायचं. रोज एक."

त्यांची जीप आली. माझ्या चहाचे पैसेही देऊन ते गेले. बसमध्ये मला रडू आलं. मी महिनाभर यंत्र शोधत नव्हते, लपून बसले होते. दुर्गाच्या बापाचा आवाज नाहीये, हे कळायला नको म्हणून.

दुसऱ्या दिवशी दोन डिस्कांचा साधा डबा घेतला, लाइट गेली तर तो सावकाश बंद व्हावा म्हणून त्याला बॅटरी जोडली, आणि आणखी एक प्रत वेगळ्या डिस्कमध्ये भरून जिंतूरला थोरल्या बहिणीकडे ठेवली. मग रोज सकाळी देवापुढं दिवा लावून झाला की यादीत कुठंतरी बोट ठेवायचं आणि ती फाइल ऐकायची, असं सुरू केलं. पहिल्या दिवशी फाइल उघडलीच नाही. दुसऱ्या दिवशी एका मुलाचं "गाय, गाय" ऐकू आलं आणि तो कोण हे मला लगेच आठवलं. आता कोडं सुटल्यासारखं व्हायला लागलं. आज कोण भेटणार, या उत्सुकतेनं मी लवकर उठायला लागले. जपातही तशीच गोडी परत आली, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

नवव्या दिवशी बोट ठेवलं आणि आधी एक खोकला आला. मग पुरुषाचा, जरा घोगरा आवाज, "दुर्गे, इकडं बघ." मी हात जोडले. हजारोंतून ती एकच कशी आली, हे मला विचारू नका. योगायोग असेलही. मी जे झालं ते सांगतेय.

दुपारी दुर्गा आणि तिची आई आल्या. मी आधी सगळं सांगून टाकलं, डिस्क बिघडली होती हे, आणि मी शोधलंच नव्हतं हेही. तिच्या आईनं दुर्गाला स्पीकरजवळ बसवलं. मग म्हणाली, "सापडलं न्हवं? लावा मॅडम."

वडिलांचा आवाज सुरू झाला. दुर्गा स्पीकरकडे टक लावून ऐकत होती. "म्हन बेटा, पानी. पा-नी." ती एकदम हसली. "पप्पा पाणीला पानी म्हणायचे?" तिची आई तोंडाला पदर लावून मान हलवत होती. रेकॉर्डिंग पुढं सरकलं. "बरं, पानी ऱ्हाऊ दे. दुर्गे, म्हन, पप्पा." आणि मग फाइलीत शांतता. तेव्हा समोर बसलेल्या त्या दोन-अडीच वर्षांच्या पोरीला काही ऐकूच गेलं नव्हतं. पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. त्या शांततेत माझ्यासमोरची दुर्गा स्पष्ट म्हणाली, "पप्पा."

पुढच्या गुरुवारी त्या चाचांना शोधत पाथरीला गेले. ते त्याच हॉटेलात होते. त्यांना मी अजिबात आठवत नव्हते. सगळं सांगितलं तेव्हा म्हणाले, "अच्छा झालं की मग," आणि पुन्हा चहा सांगितला.

हा डबाही एक दिवस बंद पडेल. जपून ठेवायचं ते मी ठेवते, त्याचं पुढं काय व्हायचं ते देवावर सोपवते. आता मला वाटतं, माझ्या कोरड्या दिवसांतही तो मला हाक मारतच असणार, त्या बापासारखा, उत्तराची वाट बघत. ऐकू यायला मला वेळ लागला, इतकंच. तो माझ्यासाठी थांबला, याचे उपकार कसे फेडू?