जुळे काका

“वर जाताय का?” असं लिफ्टमध्ये कुणी विचारलं, की आमच्या मजल्यावरचे काका म्हणत, “अजून बोलावणं नाही आलं.” बँकेतून निवृत्त झालेला, अंगाने काटकुळा आणि जिभेने तिखट माणूस. कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत त्यांना सरळ प्रश्न विचारायची कुणाची छाती नव्हती. असा एक शेजारी तुमच्याही जिन्यात असेल. त्याची वाक्यं घरी जाऊन सांगत आपण हसत असतो.

पित्ताच्या खड्यामुळे काकांचं स्वादुपिंड सुजलं. सूज ओसरली, पण पुढे जठरामागे पाणी साचून मोठा फुगा धरला. दोन घासांत पोट गच्च व्हायचं, मग उलटी. डॉक्टरांनी तोंडावाटे दुर्बीण घातली आणि जठराच्या भिंतीतून त्या फुग्यात धातूची आखूड नळी बसवली, स्टेंट. साचलेलं सगळं जठरात उतरू लागलं. भूल उतरता उतरता काका म्हणाले, “कॉर्पोरेशनला जमलं नाही ते यांना जमलं. ड्रेनेज चालू झालं.”

शेजारच्या खाटेवर हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करणारा, मूळ वर्ध्याचा एक मुलगा होता. तोच आजार, त्याच दिवशी बसवलेला तसाच स्टेंट. “म्हणजे आपण जुळे झालो काका!” तो म्हणाला. काकांना मूलबाळ नव्हतं. काकूंनी पाठवलेली मऊ खिचडी ते आधी त्याच्या वाटीत वाढत. “खा. उपकार कर.”

डॉक्टरांनी दोघांनाही बजावलं होतं, फुगा आटला की नळी काढायचीच. आत राहिली तर घासून रक्तस्राव होऊ शकतो. काकांची वेळेवर निघाली. मी त्यांना गाडीतून घरी आणत होते, तेव्हा त्या मुलाचा फोन आला. काकांनी स्पीकर लावला.

“काका, दुखते का हो काढताना?”

“छे! फक्त जीव जातो.”

तो खळखळून हसला. मीही हसले.

त्याची तारीख पुढे गेली, मग आणखी पुढे. “सॉफ्टवेअरचं रिलीज आहे काका. आणि आता तर मस्त वाटून राहिलं.” काकांनी त्याला फोनवर चांगलं झापलं. “येत्या सोमवारी नक्की,” असं त्याने कबूल केलं.

त्याआधीच ऑफिसात त्याला रक्ताची उलटी झाली. दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला होता. काकांना कळवलं त्याच्या आईने, त्याच्याच मोबाइलवरून. त्यात काकांचं नाव ‘जुळे काका’ असं होतं.

त्याची खोली रिकामी करायला आम्ही त्या बाईंबरोबर हिंजवडीला गेलो. शर्टाची घडी घालता घालता त्यांनी विचारलं, “तुमालेबी तोच होता म्हणे. काढताना लय दुखते का जी? भेत होता तो.”

“नाही हो,” काका म्हणाले. “झोपेत काढतात. काही कळत नाही.” आणि गादी काढलेल्या खाटेवर ते हळूच बसले.

परतताना गाडीत एकच वाक्य बोलले. “त्याला एवढंच सांगायचं होतं मला.”

त्यानंतर काकांचा विनोद संपला. माझ्या मुलीने दाढ काढताना दुखेल का विचारलं, तर त्यांनी तिला समोर बसवून इतकं सविस्तर सांगितलं, की ती कंटाळून उठून गेली. रस्त्यात कुणी पोरगं मोठ्याने हसलं, की ते दचकून वळून बघत. एकदा जिन्यात मला म्हणाले, “अजून हसतो तो. त्या माझ्या वाक्यावर. रोज.” तो हसलेला मीही ऐकला होता.

गेल्या वर्षी काका हृदयविकाराने गेले. आठवड्याभराने त्या मुलाच्या आई वर्ध्याहून आल्या. काकू त्यांना म्हणाल्या, “दर रविवारी गॅलरीचं दार ओढून फोनवर बसायचे. तुमच्याशीच का?”

“माह्याशीच. मीच बोलत राहू, पोराचं सांगत. ते नुसते ‘ऐकतोय’ म्हणत. त्यायनं मले सांगतलं होतं, पोराले काय बोलले ते. पयल्याच रविवारी. मी फोन ठेवून देला. मंग पुढच्या रविवारी मीच लावला.”

काकूंनी गॅलरीच्या दाराकडे पाहिलं.

“त्यायचा नंबर इतक्यात बंद नका करू जी. रविवारी लावीन मी. उचलला नाही तरी चालते.”

काकूंनी मान हलवली. मग उठल्या, आतून काकांचा मोबाइल आणला आणि चार्जिंगला लावला.