तुमचं पांढरं टिकलंय, डॉक्टर

डॉक्टरांविषयी मी लिहावं, हा खरं तर आगाऊपणा आहे. मी त्यांचा नातेवाईक नाही, विद्यार्थी नाही, आणि शेवटच्या भेटीनंतर तर त्यांचा पेशंटही उरलो नव्हतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. त्यामुळे गेलेल्या माणसावर चार शब्द कसे लिहायचे, हे विचारायलाही कुणी नाही. गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये, असं आई सांगते. पण मला डॉक्टरांचा राग होता, अजून आहे... आणि तो बाजूला ठेवला, तर त्यांच्याविषयी सांगण्यासारखं माझ्याकडे फारसं काही उरत नाही. वाचणाऱ्यांनी क्षमा करावी.

गंगावेशीजवळ, जिथं म्हशी पिळून तिथल्या तिथं दूध देतात, त्या कट्ट्याच्या मागच्या जिन्यावर त्यांचा दवाखाना होता. मी सातवीत असताना माझी डावीकडची खालची दाढ किडली आणि आई मला उचगावहून तिकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी आरसा घालून पाहिलं आणि चांदी भरू म्हणाले. आईच्या स्वतःच्या दाढांत चांदी होती. ती काळी दिसते म्हणून हसताना आई पदर तोंडाशी धरायची. "पोराला काळं नको. पांढरं बसवा," ती म्हणाली.

"वहिनी, मागच्या दाढंत पांढरं म्हंजे म्हशीच्या शिंगाला रंग. दिवाळी सरली की गेला."

"जाऊ दे की. माझं पोरगं हाय ते, म्हस न्हाय."

डॉक्टर जे चिडले, ते शेवटपर्यंत. त्यांच्याकडे मदतीला माणूस टिकत नसे. लाळ ओढायची नळी त्यांनी सरळ आईच्या हातात दिली. "ही हलवायची न्हाय. थुंकी लागली की सुटलंच म्हणून समजा. आन् सुटलं, तर बोंबलत माझ्याकडं यायचं न्हाय." दाढेभोवती कापूस कोंबून, ती कोरडी करून, ते पांढरं अगदी थोडं थोडं भरत होते. थोडं भरायचं, निळा दिवा धरायचा, पुन्हा थोडं. आईचा हात जरा हलला की खेकसायचे, "वहिनी, धार काढाय बसलाय व्हय?" आई रागानं लाल झाली होती, पण नळी जागची हलली नाही. जिना उतरताना म्हणाली, "मेल्याची जीभ हाय का कोयता?"

त्यानंतर दरवर्षी मी दाढ तपासून घ्यायला जायचो आणि दरवर्षी डॉक्टर निराश व्हायचे. "हाय अजून? बघू, औंदा जातंय." एकदा मी मुद्दाम उसाचं कांडं घेऊन गेलो आणि त्यांच्यासमोर त्याच दाढेनं सोललं. "खा, खा," ते म्हणाले, "फुडच्या टायमाला त्या पांढऱ्याचं तुकडं पिशवीत घालून आण." इथपर्यंत गंमत होती, असं म्हणता येईल. पण दाताच्या कॉलेजला प्रवेश मिळाला तेव्हा मी त्यांच्याकडे पेढे घेऊन गेलो. पेढा तोंडात टाकून त्यांनी विचारलं, "डेंटलला? तुझ्या घरात कुणी ब्रश तरी बघितलाय का?" बाकावर बसलेले पेशंट हसले. माझी आजी मशेरी लावते, हे खरं आहे. म्हणून काही ते वाक्य मी विसरलेलो नाही.

दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत शेवटची भेट झाली. भरलेल्या पांढऱ्याच्या कडेला तपकिरी रेघ उमटली होती. ती बघून डॉक्टर खुलले. "कीड. काढून टाकतो आन् चांदी भरतो." त्यांनी मशीन हातात घेतलं आणि मी त्यांचं मनगट धरलं.

"डाग आहे, डॉक्टर. कड नुसती रंगलीय. कीड असती तर तुमचं टोकदार हत्यार अडकलं असतं. कुठं अडकत नाही, बघा."

"व्हय रं शहाण्या, पुस्तकात वाचलंस?"

"वाचलं."

"मग ऊठ. ह्या खुर्चीत परत बसायचं न्हाय."

मी उठलो. यांच्या तोंडून एकदा तरी "चुकलो" असं ऐकायचंच, हे मी त्या जिन्यात ठरवलं. अभ्यासही त्याच ईर्ष्येनं केला. डॉक्टर अगदीच खोटं सांगत नव्हते, हे मला त्या अभ्यासात कळलं. मागच्या दाढांत चांदी जास्त टिकते, असंच बरीच वर्षं दिसत आलेलं आहे. पांढऱ्याच्या कडेखाली पुन्हा कीड लागते, नाहीतर टवका उडतो. पण खड्डा बेताचा असेल, माणूस दात घासत असेल आणि भरताना दाढ कोरडी राहिली असेल, तर पांढरंही वर्षानुवर्षं टिकतं. नुसता डाग बघून चांगलं भरलेलं उकरून काढणं, ही मात्र सरळ चूक.

यंदा शेवटच्या वर्षाला आमच्या मॅडमनी माझ्या दाढेचा एक्स-रे काढला. "खाली काही नाही. कड पॉलिश केली की डाग जाईल." मग त्या पुन्हा वाकल्या. "कुणी भरलंय रे हे? पोरांना बोलव, बघू देत." सगळ्या वर्गानं माझ्या तोंडात बघितलं. मी जबडा उघडा ठेवून पडलो होतो आणि माझा राग दुप्पट झाला होता. डॉक्टर चुकले, याचा पुरावा डॉक्टरांच्याच हातचा होता! जे टिकणार नाही म्हणून शिव्या घातल्या, ते इतकं नीट का भरायचं? शिव्या घालत काम बिघडवणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत. हा माणूस मला कळला नाही. आजही बोलता बोलता थांबलो की जीभ त्या दाढेवर जाते आणि हेच विचारत राहते...

दिवाळीच्या सुट्टीत तो एक्स-रे घेऊन मी गंगावेशीला गेलो. आधी "तुम्ही चुकलात" म्हणायचं, की आधी "छान भरलंय" म्हणायचं, हे एसटीत शेवटपर्यंत ठरलं नव्हतं. कट्ट्यावर शिंगं रंगवलेल्या म्हशी उभ्या होत्या. जिन्याच्या दाराला कुलूप होतं आणि पाटी काढलेली होती. दूधवाल्या काकांनी माझ्याकडे बघितलं.

"दाढ दुखतीया व्हय?"

"न्हाय काका. चांगली हाय. तेच सांगायचंय डॉक्टरास्नी."

त्यांनी हातातली चरवी खाली ठेवली.

"आता कुणाला सांगताय, पावणं? डॉक्टर नवरात्रातच गेलं की."