टेस्टिंगचं गाणं

माझं पहिलं गाणं मी शुक्रवारी प्रसिद्ध केलं, कारण सगळे शुक्रवारीच करतात. ‘गाणं’ म्हणते ते सवयीने. त्यात शब्द नाहीत. साडेपाच मिनिटांचं इलेक्ट्रॉनिक डान्स संगीत आहे, पेणकरपाड्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये, कपाट आणि पलंग यांच्यामधल्या टेबलावर, लॅपटॉपवर केलेलं. दिवसा मी एका क्लासमध्ये गणित शिकवते. त्यामुळे तयारीही गणितासारखीच केली होती. महिनाभर आधी कव्हर, मग पंधरा-पंधरा सेकंदांचे रील, ‘तुमच्या यादीत घ्या’ म्हणून प्लेलिस्टवाल्यांना फॉर्म. शिवाय स्कॅन केलं की गाणं उघडेल असे स्टिकर छापून घेतले आणि ओळखीच्या दुकानांत लावले.

मे महिना होता. शुक्रवारी मैत्रिणींनी ऐकलं, मावसभावाने स्टेटसला ठेवलं, आणि रविवारपर्यंत सगळं थंड झालं.

सोमवारी गाण्याच्या साइटवर आकडे बघायला गेले तर शहरांच्या यादीत आमचंच मीरा-भाईंदर सगळ्यात वर. कोणीतरी दिवसभर ऐकत होतं. मंगळवारी, बुधवारी तेच. गुरुवारी बंद. पुढच्या सोमवारी पुन्हा सुरू. आणखी एक विचित्र गोष्ट म्हणजे ऐकणारा पहिलं एक मिनिट ऐकायचा, थांबायचा, परत पहिल्यापासून लावायचा. पुढची साडेचार मिनिटं, ज्यांच्यावर मी चार महिने घालवले होते, त्यांना कोणी हातच लावत नव्हतं.

वाईट वाटायला हवं होतं. पण मला हा माणूस कोण, याचंच कोडं पडलं. शेजारची बाई झुंबा शिकवते, तिला विचारलं.

ती म्हणाली, “एका मिनिटात कोणाला घाम येतो गं?”

मग स्टिकर आठवले. भाईंदर पश्चिमेला मी जिथून केबल घेते त्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेले. काउंटरवर माझा स्टिकर नव्हता.

दुकानदार म्हणाला, “मैडम, निकाल दिया. लोग पेमेंट का समझके स्कॅन करते थे. राई गाँव से एक साउंडवाले की वाइफ आती है वायर लेने, उसके मोबाइल में तो सीधा गाना चालू हो गया.”

“फिर?”

“फिर क्या, दो बार सुना यहीं खड़े खड़े. बोली, बहुत काम का है.”

पत्ता घेऊन पुढच्या मंगळवारी राईला गेले. घरामागे पत्र्याची शेड, आत माणसाच्या उंचीचे काळे स्पीकर ओळीने उभे. चष्मा लावलेली पन्नाशीची बाई मांडीवर स्पीकरचा कागदी कोन घेऊन ब्रशने गोंद लावत होती. आणि माझं गाणं वाजत होतं. इतक्या मोठ्या स्पीकरवर ते मी स्वतःसुद्धा कधी ऐकलं नव्हतं. पायाखालची जमीन हलत होती.

मी कोण ते सांगितलं. तिने गाणं थांबवलं आणि मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“हे तू केलंस? मना वाटला कोन इंग्रज हाय.”

मग तिने समजावलं. शनिवार-रविवारी नवऱ्याचे स्पीकर लग्नांच्या हळदीला भाड्याने जातात. सोमवारी परत आले की कुठला फाटलाय, कुठला घरघरतोय, ते शोधून दुरुस्त करायचं काम तिचं. माझ्या गाण्याच्या सुरुवातीला नुसता खालचा बास आहे, दुसरा कसलाच आवाज नाही. त्यामुळे कोनाला केसाएवढी चीर असली तरी कळते.

“आणि पुढचं?”

“पुढं काय हाय ते न्हाय म्हाईत. तवर माजं काम होतं.”

मी म्हटलं, “मावशी, एकदा पूर्ण ऐकाल?”

तिने ब्रश खाली ठेवला. साडेपाच मिनिटं आम्ही दोघी प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून राहिलो. संपल्यावर ती म्हणाली, “बरा हाय. पन तू आनलंस कधी? मे संपत आला. आमचे पोरं दिवाळीत पेनड्राइव भरतात. तुळशीचं लगीन झालं का हळदी सुरू. मग कोन नवा गाना घेनार?”

कुठल्या तारखेला, कुठल्या वाराला, यावर मी किती व्हिडिओ पाहिले होते! तुळशीचं लग्न त्यांपैकी एकातही नव्हतं.

दुसरं गाणं मी दिवाळीच्या आधीच्या मंगळवारी काढलं, आणि त्याआधी फाइल मावशींना नेऊन दिली. मोसमातल्या पहिल्या हळदीला त्यांनी मला शेजारच्या मुर्धा गावात बोलावलं. दुपारी चार वाजता मांडव बांधून होत होता आणि मावशींचा नवरा स्पीकर जोडत होता. त्याने माझं नवं गाणं लावलं. भाजी चिरत बसलेल्या बायकांपैकी एकीने मान हलवली, दुसरी विळी बाजूला सारून उठली, आणि बघता बघता सहा-सात जणी ओल्या हातांनी नाचायला लागल्या. मी खांबाशी उभी राहून मोबाइलवर चित्रीकरण करायचंही विसरले.

संध्याकाळी हळद लागली, सगळं गाव नाचलं, पण माझं गाणं काही लागलं नाही. निघताना मी जरा हिरमुसून मावशींना विचारलं.

“अगो बाय, आता लोकांना पाठ हाय तेच लागतं,” त्या म्हणाल्या. “तुजा गाना दुपारचा. तवा काम करताना नको का काय?”

परत येताना रिक्षात मी याच विचारात होते. दुपारी कामं करता करता लोक काय ऐकतात, मला खरंच माहीत नव्हतं. त्यानंतरचे काही महिने मी कान उघडे ठेवून, विचारत फिरले. शिंप्याच्या दुकानात, पार्लरमध्ये, नव्या इमारतीत फरशी बसवणाऱ्यांकडे. काही ठिकाणी लोकांनी हसून सांगितलं, काही ठिकाणी ‘काय काम आहे’ म्हणून घालवून दिलं.

तिसऱ्या गाण्याच्या वेळी प्लेलिस्टवाल्यांचा फॉर्म भरायला बसले. ‘हे संगीत कशासाठी आहे?’ या प्रश्नापुढे आधी दोन्ही वेळा मी ‘क्लब’ लिहिलं होतं. या वेळी लिहिलं, मांडव घालताना, भाजी चिरताना.