नारबोदने नेलेल्या टिकल्या

मी सकाळी यादी केल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. गॅस, मोटर, मागचं दार, शाळेची किल्ली, खडू. बालाघाटहून बसमध्ये बसले की मनात दुसरी यादी सुरू होते: आज कोणत्या मुलाला कुठपर्यंत न्यायचं. त्या वर्षी या दुसऱ्या यादीत सगळ्यात वर एकच मुलगी होती. बाकीची नावं खाली-वर झाली, ती हलली नाही.

ती पाचवीत होती आणि तिला वाचता येत नव्हतं. अक्षरं ओळखायची, पण दोन अक्षरांना काना-मात्रा लागली की तिचं बोट थांबायचं आणि ती खिडकीबाहेर बघायची. लामत्याकडच्या एका शाळेतून जूनमध्ये आमच्याकडे आली. आई नागपूरला बांधकामावर, सोबत दीड-दोन वर्षांचा धाकटा भाऊ. मुलगी इथे मामा-मामीकडे. मामी तिचं नाव घालायला आली तेव्हाच मला स्पष्ट सांगून गेली.

"शिकत असन त ठेवतो, मॅडम. येक पोट्टी काही जड नाई मले. पन शिकतच नसन त इथं राहून काय करन? तिची माय कामावर जाते, लहान्याले पाहाले तिकडं कोनी नाई. दिवाळीले ननद येईन. ठेवू का नेऊ दे, ते तवा ठरवतो."

मामीचा राग येण्यासारखं त्यात काही नव्हतं. हिशोब सरळ होता. नागपूरला गेलेली मुलगी भावाला सांभाळणार, त्यानंतर विटा उचलणार, आणि शाळा तिथेच संपणार. हे मामीला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि दाराच्या चौकटीला टेकून उभ्या असलेल्या त्या मुलीलाही माहीत होतं.

आमची शाळा हिंदी माध्यमाची, मुलं घरी बोलतात मराठी, आणि मैदानात दोन्हीची खिचडी. म्हणून त्या वर्षी शाळेला गोष्टींच्या पुस्तकांची पेटी मिळाली तेव्हा मला फार बरं वाटलं. प्रत्येक पानावर चित्र, वर हिंदी, खाली मराठी. सोबत एक कागद होता, त्यावर कोणतं पुस्तक सोपं आणि कोणतं कठीण ते दिलेलं. मी एका दुपारी बसून सगळी लावून टाकली. रंगीत गोल स्टिकरांचं पाकीट आणून प्रत्येक पुस्तकावर एकेक गोल लावला. पहिल्या पायरीला लाल, मग पिवळी, हिरवी, सगळ्यात कठीण ती निळी. भिंतीवर त्याच रंगांचे कागदी खिसे लावले आणि प्रत्येक मुलाच्या नावाची चिठ्ठी त्याच्या खिशात ठेवली. काम चोख झालं होतं.

मुलं त्या गोलांना टिकल्या म्हणू लागली. पाचवीच्या त्या मुलीची चिठ्ठी लाल खिशात गेली, पहिलीच्या पोरांसोबत. दुसरी जागा नव्हतीच. 'मासा पोहतो. मासा थांबतो.' एवढंच असलेलं पुस्तक तिला मिळालं. पहिलीतली एक चिमुरडी तिच्या शेजारी येऊन बसली आणि आनंदाने ओरडली, "ताई बी लाल, मी बी लाल!"

वर्ग हसला. मोठी मुलं तेव्हापासून तिला 'लाल टिकली' म्हणायला लागली. मी रागावले, की त्या दिवसापुरती थांबायची. ती पुस्तक उघडून बसायची, पान उलटायची नाही.

पावसाळा असाच गेला. मी काय काय केलं ते आज मोजून सांगण्यात अर्थ नाही. अक्षरांचे पत्ते केले, वाळूत गिरवून घेतलं, मधल्या सुट्टीत एकटीला बसवलं. रोपं लावायच्या दिवसांत ती मामीसोबत बांधावर असायची आणि मी केलेलं वाहून जायचं. दुसरे गुरुजी मतदार यादीच्या कामावर होते, त्यामुळे पाचही वर्ग माझ्याकडे. पोळा आला तरी मुलगी माशापाशीच होती. ज्या कामाची यादी करता येते ते काम होतं, असा माझा आयुष्यभराचा विश्वास. हे होत नव्हतं.

पोळ्याच्या सुट्टीआधीच्या दिवशी मला बैठकीला जावं लागलं. पुस्तकांच्या कपाटाची किल्ली मी मुद्दाम त्या मुलीकडे दिली. "सगळी झटकून, पुसून ठेव," म्हटलं. जबाबदारी दिली तर बरं वाटेल, असा माझा विचार.

आमच्या भागात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे नारबोद काढतात. झाडपाल्याची, मातीची एक बाई करायची आणि गावाच्या शिवेबाहेर ओढत न्यायची. घरातली पीडा तिच्यासोबत जावी म्हणून सगळे ओरडत जातात: "खासी-खोकला घेऊन जाय री नारबोद! माश्या-मच्छर घेऊन जाय री नारबोद!" मग तिला तिथेच पेटवून द्यायचं आणि मागे न पाहता परत यायचं.

सुट्टीनंतर शाळेत पोहोचले तर स्वयंपाकीण बाई फाटकातच हसत उभी.

"मॅडम, औंदाची नारबोद लय नटलती वो! कपायापासून पायापर्यंत टिकल्याच टिकल्या. लाल, पिवया, निया... अशी नारबोद मी जन्मात नाई पाह्यली."

मी कपाट उघडलं. पुस्तकं स्वच्छ पुसलेली, नीट रचलेली, आणि एकावरही टिकली नव्हती. दमट हवेत त्या सहज निघाल्या असणार. भिंतीवरचे खिसेही नव्हते, फक्त डिंकाचे डाग होते.

"कोणी केलं?" मी विचारलं.

पहिलीतली तीच चिमुरडी उभी राहिली. "ताईनं. अन् आमी सगळ्यायनं. ताई म्हने, लाल टिकली घेऊन जाय री नारबोद! मंग आमी बी म्हनलं."

"पीडा पाठवायची असते गं बाळा. टिकली काय पीडा आहे?"

"हौ," ती म्हणाली.

पाचवीतली ती मुलगी त्या दिवशी आलीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी तिच्या घरी गेले तर अंगणात सूप घेऊन बसली होती. मला पाहून उठली आणि आत जाऊ लागली. मामी ओरडली, "आता काहून पयते? केलं तवा नाई लाज वाटली?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, जाऊच द्या. दिवाळीची वाट काहून पाहाची? नुसता तरास आहे तुमाले."

मला एकदम भीती वाटली. ती माझ्या आवाजात येऊ न देता मी म्हटलं, "त्रास मला आहे ना? मग मी पाहते. उद्या पाठवा. दिवाळीपर्यंतचं बोलणं झालंय आपलं."

ती आली. मी रागावले नाही, कारण तेवढाही वेळ उरला नव्हता. पेटीसोबतचा कागद काढला आणि पुस्तकं पुन्हा लावायला बसले. या वेळी टिकली नाही, मुखपृष्ठाच्या आत कोपऱ्यात पेन्सिलने बारीक आकडा, मला दिसण्यापुरता. अर्धी लावून झाली होती तेव्हा लक्षात आलं की न लावलेल्या ढिगातलं एक पुस्तक मुलगी मांडीवर घेऊन बसली आहे. निळ्या पायरीचं. एकेका पानावर आठ-आठ ओळी. आजोबांसोबत राहणाऱ्या एका मुलीची बकरी जुन्या बावडीत, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीत, उतरते आणि वर येत नाही, अशी गोष्ट.

"हे आत्ता नको. हे बघ, दुसरं देते."

"ही बावडी मी पाह्यली आहे," ती म्हणाली. "हट्टा गावाले. आईसोबत गेलतो. अशाच पायऱ्या आहेत."

"पाहिली असशील. पण हे कठीण आहे."

"मी हेच घेतो."

"अगं, याच्यात पाच शब्दांतले चार तुला लागणार नाहीत."

"मी माशाकडे नाई जात मॅडम, तुमी मारलं तरी," ती म्हणाली आणि पुस्तक छातीशी धरून बसली. आधीच्या तीन महिन्यांत ती माझ्याशी एवढं बोलली नव्हती.

मला ठाऊक होतं की हे चुकीचं आहे. इतक्या कठीण पुस्तकाने वाचायला शिकवत नाहीत. पण सोप्या पुस्तकाने ती शाळेत येणार नव्हती, आणि दिवाळी काही थांबणार नव्हती. मी तिला ते ठेवू दिलं, आणि त्या संध्याकाळी बसमध्ये वाटलं की मी तिला स्वतःच्या हाताने नागपूरच्या गाडीत बसवलं.

पुढचे दिवस वाईट गेले. पहिल्या पानाला आठवडा लागला. वरची हिंदी एक ओळ, मग खालच्या मराठीत तीच ओळ. एकीत अडली की दुसरीत शोधायची, दोन्हीत अडली की बोटाने कागद दाबत बसायची. कधी रडायची, पण आवाज न करता. मी दुसरीकडे पाहायचे, कारण पाहिलं असतं तर पुस्तक काढून घेतलं असतं. लवकर पिकणारा हलका धान कापणीला आला आणि तिच्या दोन-दोन दिवसांच्या दांड्या सुरू झाल्या. एकदा परत आली तर बोटांना विळ्याचे काप, आणि ओळीवर बोट ठेववेना. मग काडीने वाचू लागली.

एका गोष्टीने तिला धरून ठेवलं होतं. शेवटच्या पानावरच्या चित्रात नुसत्या रिकाम्या पायऱ्या होत्या आणि वर संध्याकाळचं आभाळ. मुलगी नाही, बकरी नाही. झालं काय, ते फक्त ओळींत होतं.

"मॅडम, बकरी निघते का बाहेर?"

"वाच."

"सांगा ना वो."

"नाही."

चौथीतला एक मुलगा ते पुस्तक आधी वाचून बसला होता. त्याने तोंड उघडलं तशी ती काडी घेऊन त्याच्या अंगावर गेली. "सांगशीन त पाह्य! दात पाडीन!"

दिवाळीच्या आठवडाभर आधी ती गोष्टीच्या मध्यापर्यंत पोहोचली होती. गोष्टीतली मुलगी बावडीच्या दुसऱ्या मजल्यावर उभी, खाली काळं पाणी, आणि बकरीचा आवाज येतोय. पुढे बरीच पानं होती. त्याच दिवशी मामीचा निरोप आला: ननदेला, म्हणजे मुलीच्या आईला, आज फोन करायचा आहे; दिवाळीला न्यायला ये म्हणू का नको?

शाळा सुटल्यावर मी मुलीसोबत तिच्या घरी गेले आणि म्हटलं, आईला तीच वाचून दाखवेल. मामीने फोन लावला, आवाज मोठा केला आणि जात्याच्या पाळीवर ठेवला. पलीकडे भाऊ रडत होता, त्यामागून कोणीतरी सिमेंट मागत होतं.

"आयकून राह्यली का वो?" मामी ओरडली. "मॅडम आल्या आहेत. तुही पोरगी वाचून दाखवते म्हने."

"हौ, आयकतो," आई म्हणाली. "लवकर करा, ठेकेदार हाय इथं."

मुलीने पुस्तक उघडलं. पहिलं पान तिने न अडखळता म्हटलं. दुसरंही. मामीने हात पुढे करून पुस्तक मिटलं.

"हे त पाठ असन तुले. दोन महिने येकच पुस्तक धरून बसली."

पहिली पानं तिला पाठ होतीच. पाठांतर कुठे संपतं आणि वाचणं कुठे सुरू होतं, हे मलाही सांगता आलं नसतं.

मामी आत गेली आणि एक लग्नपत्रिका घेऊन आली. गोंदियाकडच्या सोयऱ्यांची, मराठीत छापलेली. "हे पाठ नाई. वाच."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

तिने अंगणातली एक काडी उचलली आणि पहिल्या ओळीवर ठेवली. "आ... म... आमच्या. ये... येथे." फोनमधलं पोर रडतच होतं. "कु... कुल..." पुढचा शब्द लांबलचक होता, ती त्यातून एकेक अक्षर ओढत बाहेर आली. मग 'चि. सौ. कां.' आलं आणि काडी थांबली.

"चि... चिसौ... हे काय आहे?"

"ते मले बी आजपर्यंत नाई समजलं," मामी म्हणाली. "समोर जाय."

ती पुढे गेली. नवरीचं नाव लागलं. नवरदेवाचं अर्धं लागलं, अर्धं मामीने सांगितलं. लग्नाचा वार तिने सरळ वाचला, गावाचं नाव सरळ वाचलं. मग खाली बारीक अक्षरात जोडाक्षरांची रांग सुरू झाली. तिथे ती थांबली. परत मागून सुरुवात केली, परत तिथेच थांबली. काडी कागदात रुतली.

"झालं का?" फोनमधून आई म्हणाली.

"अर्धं झालं," मामी म्हणाली.

"खरंच वाचलं का पाठ केलतं?"

"मीच देल्ली पत्रिका. तिनं कवा पाह्यलीच नाई, पेटीत होती," मामी म्हणाली. "जून महिन्यात इले भाजीच्या पिशवीवरचं नाव लागत नव्हतं. मी इचारलतं."

पलीकडे रडणं फोनच्या अगदी जवळ आलं; आईने पोराला उचललं असावं. मग आई म्हणाली, "मंग मी काय करू वो वहिनी? याले कोनापाशी ठेवू?"

मी आल्यापासून मुलीचाच विचार करत होते, त्या रडणाऱ्या पोराचा एकदाही केला नव्हता.

"होळीपर्यंत काढ कसंतरी," मामी म्हणाली. "अर्धं आलं आहे, अर्ध्यात नाई तोडत मी. होळीले येशीन तवा पूर्ण पत्रिका वाचून घेजो तिच्याकडून. नाई वाचता आली, त मीच आनून सोडतो नागपूरले."

फोन बंद झाला. मुलगी अजून पत्रिकेवर वाकलेली होती. मी चप्पल घालून निघाले तशी मामी फाटकापर्यंत आली. तिचा आवाज हळू झाला होता.

"मॅडम, होळीपर्यंत होईन ना उरलेलं?"

"होईल," मी म्हटलं. कसं, ते मला माहीत नव्हतं. धानाची मोठी कापणी अजून समोर होती, आणि होळीच्या आसपास पाचवीची परीक्षा. बस यायला वेळ होता. सवयीने पर्समधून कागद काढला आणि वर लिहिलं, 'होळीपर्यंत'. खाली काय लिहायचं ते सुचेना. मागे अंगणातून तिचा आवाज येत होता. पत्रिका बाजूला पडली असावी, कारण ती बावडीतल्या मुलीला पुढची पायरी उतरवत होती, एकेक अक्षर करत, आणि मध्येच मामी विचारत होती, "मंग? निघाली का नाई बकरी?"

"थांब ना वो मामी," ती म्हणाली. "वाचून राह्यलो ना."