शिकऱ्याचं आडनाव

समोर कोणताही पक्षी आला की आमचे सर चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायचे, "आधी आडनाव सांग!" पक्ष्याचं आडनाव म्हणजे त्याच्या लॅटिन नावातला पहिला शब्द. तो अर्थासकट सांगावा लागे. तुम्हालाही असे एखादे सर भेटले असतील, ज्यांचा विषय विसरला पण आवाज विसरला नाही.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत पेंढा भरलेला एक शिकरा होता, कबुतराएवढा शिकारी पक्षी. त्याखालच्या चिठ्ठीवर सरांच्या हातचं लिहिलेलं होतं: 'अ‍ॅक्सिपिटर, म्हणजे झडप घालून पकडणारा.' आम्ही परीक्षेत तेच लिहून पास झालो.

रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं त्या सुमाराला सर निवृत्त झाले आणि बूढापारा वस्तीतल्या घरी बसून जाडजूड कोश चाळू लागले. तिथं घोटाळा उघडकीला आला. 'पकडणे'शी या नावाचं नातं लोकांनी मागाहून जोडलेलं. रोमन लोक तर हावरट माणसालाही हेच नाव ठेवत. मूळ अर्थ बहुधा 'वेगानं उडणारा'. वेदात ससाण्याला 'आशुपत्वा' म्हटलंय, त्या शब्दाचाच हा लांबचा भाऊ.

दुसरा कोणी गप्प बसला असता. सरांनी स्कूटर काढली आणि एकेक जुना विद्यार्थी गाठायला सुरुवात केली. चौबे कॉलनीतल्या एका डॉक्टरला तर त्यांनी पेशंटसमोरच धरलं.

मी तेव्हा सिलतऱ्याच्या पोलाद कारखान्यात होतो. गेटवरून फोन आला, "साहब, एक बुजुर्ग आए हैं. कहते हैं, गलती सुधारनी है." धावत गेटवर गेलो, तर सर! "माझं काय चुकलं, सर?"

"तुझी नाही रे, माझी चूक," सर म्हणाले. "शिकऱ्याचं आडनाव सांग."

मला काही केल्या आठवेना. सर हिरमुसले. मग खुर्ची ओढून बसले. "तर मग आधी चुकीचं शीक. त्याशिवाय दुरुस्त कसं करू?"

आणि गेटपासच्या मागच्या बाजूला लिहून त्यांनी मला दोन्ही अर्थ शिकवले, चुकीचा आधी.

"काहून एवढा त्रास घेता सर? कोणाले आठवते आता?"

"मले आठवते ना! एवढी वर्षं बिचाऱ्याले लुटारू म्हणून राहिलो मी."

मला लाज वाटली, आणि सरांचा फार अभिमानही वाटला.

गेल्या हिवाळ्यात सर गेले. आम्ही सातआठ जण सरांच्या घरी काकूंना भेटायला गेलो. अंगणात बसलो होतो. एवढ्यात बूढा तलावाकडून एक शिकरा आला आणि डोक्यावरून सुसाट गेला.

चौबे कॉलनीच्या डॉक्टरनं चष्मा कपाळावर चढवला. "आडनाव?"

"अ‍ॅक्सिपिटर! झडप घालून पकडणारा!" आम्ही सगळे पिकल्या केसांचे एका सुरात ओरडलो.

काकू डोळे पुसता पुसता थांबल्या. "अरे, चुकीचं काहून सांगून राहिले रे तुम्ही? त्यासाठी किती फिरले ते!"

"थांबा काकू," डॉक्टर म्हणाला, "सरांनी आधी हेच शिकवलंय." आणि मग आम्ही बरोबर अर्थ सांगितला. काकू हसू लागल्या.